मंगळवारची व्हिजिट

मी या ग्रुपवर रोज वाचते, लिहिलं मात्र कधीच नाही. खरं सांगायचं तर इथले निम्मे अनुभव वाचून मनात म्हणायचे – झोप झाली नसेल, दुसरं काय! इंग्लिश मीडियममध्ये शिकल्यामुळे एवढं मराठी लिहायची सवय नाही, आणि स्वतःबद्दल सांगायची तर त्याहून नाही. पण आत्या म्हणाली, "लिही. नावं तेवढी बदल." म्हणून लिहितेय.

आम्ही नगरचे. (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं.) घर सावेडीत, आणि मी जवळच्याच एका शाळेच्या लायब्ररीत काम करते. माझी सुधाआत्या मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात क्लार्क होती. अख्खी नोकरी तिथेच. लहानपणी ती आली की मी तिला पोलिसांच्या गोष्टी सांगायला लावायचे, आणि ती चोर-दरोडेखोर सोडून भलतंच सांगायची.

"लोकांना वाटतं पोलीस म्हणजे पिस्तूल. अगं, पोलीस म्हणजे कागद. वर आयुक्त, मग सहआयुक्त, मग परिमंडळं, विभाग, ठाणी... ब्रिटिशांनी घालून दिलेली उतरंड. आणि सगळ्यात खाली बीट. चार गल्ल्या आणि एक हवालदार. वरचा माणूस बदलला तर पेपरात येतं. बीटचा हवालदार बदलला तर म्हाताऱ्या माणसांना कळतं."

तिचे यजमान गेल्यावर ती मुंबईत एकटीच राहायची. मुलगा, म्हणजे माझा निखिलदादा, बंगलोरला. तिच्या भागातल्या पोलीस ठाण्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी होती आणि बीटचा हवालदार त्यांच्याकडे जाऊन विचारपूस करायचा. आत्याकडे घोलप हवालदार यायचे, दर मंगळवारी चारच्या सुमारास. मूळचे काष्टीचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले, त्यामुळे गप्पाही व्हायच्या. दाराच्या मागे खिळ्याला एक वही टांगलेली असे, दोरीला बांधलेलं पेन. त्यात ते वेळ टाकून लिहायचे – "भेट दिली. सर्व ठीक." खाली सही आणि बक्कल नंबर.

मागच्या वर्षी आत्याची बिल्डिंग पाडायला घेतली. ती नगरला आली, पण आमच्या घरी राहायला तयार नाही. दहा मिनिटांवर वेगळा फ्लॅट घेतला. घोलपही त्याच महिन्यात रिटायर होऊन गावी गेले. आत्यानं सवयीनं ती वही इथेही दाराच्या मागे टांगली.

जूनमध्ये निखिलदादाचा मला फोन आला. आवाज दबलेला.

"आई परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाली, घोलप येऊन गेला. मी म्हटलं कुठे? तर म्हणे इथेच, सावेडीला, दर मंगळवारी येतो. तुला काही जाणवलंय?"

मी म्हटलं, नाही.

"डिमेन्शियाची सुरुवात असू शकते. पुण्याजवळ एक सीनिअर होम बघून ठेवलंय मी. पण तू आधी जाऊन बघ. तू जे सांगशील त्यावर ठरवतो."

म्हणजे सगळं माझ्यावर आलं. घरात भाजी कुठली आणायची हेसुद्धा मी ठरवत नाही.

आत्याला विचारलं तर तिनं शांतपणे वही काढून दिली. मुंबईची शेवटची नोंद, मग दोन महिने कोरे, आणि मग पुन्हा तेच जाड, उजवीकडे कललेलं अक्षर. दर मंगळवारी. भेट दिली, सर्व ठीक.

"तुला ते दिसतात?"

"छे. मला काय भुतंखेतं दिसतात का? बेल नाही, पाऊल नाही. वहीत दिसतं, एवढंच."

"पण आत्या, मुंबईचा हवालदार नगरच्या हद्दीत कसा येईल?"

ती हसली. "तेच तर! चूक माझीच आहे. मी निघताना ठाण्यात अर्ज दिलाच नाही, यादीतून नाव काढा म्हणून. जन्मभर दुसऱ्यांचे कागद पूर्ण केले नि स्वतःचा राहिला. यादीत नाव आहे तोवर येणार तो."

मग एकदम गंभीर होऊन माझा हात धरला. "निखिलला तू जे पाहशील तेच सांग. जास्त नको, कमी नको. मला त्या होममध्ये नाही जायचं गं."

माझा अंदाज सरळ होता – ती स्वतःच लिहितेय. इतकी वर्षं लोकांची अक्षरं बघितलेली बाई, एखादं उतरवणं काय अवघड? कदाचित तिला स्वतःलाही कळत नसेल.

पुढच्या मंगळवारी शाळा सुटल्यावर थेट तिच्याकडे गेले. वही तपासली, शेवटची नोंद मागच्या आठवड्याची. दाराला आतून कडी घातली. वही समोर दिसेल अशा खुर्चीत बसले. आत्या माझ्या शेजारी, तिच्या दोन्ही हातांत कप. चार वाजले. सव्वाचार. मी वहीवरून नजर काढली नाही. पान हललं नाही, पेन हललं नाही – शपथेवर सांगते. साडेचारला मला इतकं हलकं वाटलं की मी उठून आत्याला म्हणाले, "बघ, काही नाही." आणि वही उघडली.

"४.१०. भेट दिली. घरी दोघी. सर्व ठीक."

शाई बोटाला लागली.

आत्या चहा पीत म्हणाली, "तुझीपण नोंद झाली का? बरं झालं."

दादाला त्या दिवशी काहीच कळवलं नाही. काय कळवणार होते? "मला थोडा वेळ दे" एवढाच मेसेज टाकला.

आत्याच्या डायरीत घोलपांचा नंबर होता. फोन त्यांच्या बायकोनं उचलला. शनिवारी मी काष्टीला गेले. बाजाराचा दिवस होता, एसटीतून उतरल्यावर गर्दीतून वाट काढत त्यांच्या वस्तीवर पोचेपर्यंत दोनदा परत फिरायचा विचार केला. लिंबाच्या बागेला लागून घर. ओसरीत खाटेवर घोलप पडलेले. उजवी बाजू पूर्ण लुळी, तोंड वाकडं. जीभही नीट वळत नव्हती.

"रिटायर हून आले अन् दोन म्हैन्यात लकवा मारला," घोलपकाकू म्हणाल्या. तारीख विचारली. वहीतली नवी पहिली नोंद त्याच्या पुढच्याच मंगळवारची होती.

मी चाचरत विचारलं, "मंगळवारी... काही होतं का यांना?"

काकूंनी माझ्याकडं नीट बघितलं. "तुमाला कसं म्हाईत? चार वाजले का डोळं उघडंच ऱ्हात्यात, पर हाक मारली तरी वळत न्हाईत. धा मिन्टं. मंग म्हनत्यात, झाली व्हिजिट. आता काय बोलावं ह्या मानसाला! नोकरीत हुते तवा घरी न्हाई, अन् आता घरात हायत तर मंगळवारी ड्युटीवर!"

आम्ही दोघी हसलो. घोलप मात्र माझ्याकडे टक लावून बघत होते. मग त्यांच्या घशातून काहीतरी आलं. काकू वाकल्या, ऐकलं, आणि त्यांचं हसू थांबलं.

"म्हनत्यात... तुमी लई बघत हुता वहीकडं. लिवायला अवघड गेलं."

मी त्या घरात पाणीसुद्धा प्यायले नाही. काकूंना माझा नंबर दिला आणि निघाले.

त्यानंतरच्या तिसऱ्या मंगळवारी शाळेत पुस्तकांची मोजणी होती, म्हणून थांबले होते. सव्वाचारला काकूंचा फोन. मागं घोलपांचा आवाज, विव्हळल्यासारखा.

"ताई, ह्ये रडाया लागलेत. म्हनत्यात, हाक मारली तर बाई ओ देत न्हाईत. जरा जाऊन बघता का?"

स्कूटर कशी चालवली आठवत नाही. माझ्याकडे दुसरी किल्ली होती. आत्या बाथरूममध्ये पडली होती, पाय विचित्र वळलेला, शुद्धीवर होती. मोबाईल हॉलमध्ये चार्जिंगला. डॉक्टर नंतर म्हणाले, खुब्याचं हाड मोडलंय, रात्रभर तशीच पडून राहिली असती तर कठीण होतं.

"ओरडलीस का नाहीस?" मी रडत विचारलं.

"कोण ऐकणार होतं? मंगळवार होता, एवढं माहीत होतं."

ॲम्ब्युलन्सची वाट बघताना मी वही उघडली.

"४.१५. हाक दिली. उत्तर नाही. भाचीस कळविले."

दादा रात्रीच्या फ्लाईटनं आला. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मी त्याला सगळं सांगितलं. पाहिलं तेवढंच, जास्त नाही, कमी नाही. त्यानं वही वाचली, माझा कॉल लॉग बघितला, पुन्हा वही वाचली.

"तुला काकूंनी कळवलं, ओके. त्यांना घोलपांनी सांगितलं. आणि घोलपांना?"

मी वही त्याच्या हातातून परत घेतली. मग तो म्हणाला, "काही असो, आता आई एकटी राहू शकत नाही." ते खरंच होतं. आणि तेव्हा मी, जिनं आयुष्यात कुणाला मोठ्यांदा नाही म्हटलेलं नाही, म्हणाले, "एकटी नाही राहणार. मी राहते तिच्याबरोबर. पण होम नाही." दादानं होकारार्थी मान हलवली.

आत्या घरी आल्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी शेवटची नोंद आली. "भाची कायम वास्तव्यास. यादीतून नाव कमी केले." त्यानंतर आजपर्यंत वही कोरी आहे. आत्याला थोडं वाईट वाटलं असं मला वाटतं. पण काम नियमानं झालं म्हणून समाधानही.

मी खूप विचार केला. योगायोग म्हणावा तर ते अक्षर कुणाचं? आत्यानं लिहिलं म्हणावं तर ती बाथरूममध्ये पडलेली असताना कसं लिहिलं? तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर सांगा, मला अजून काहीच पटलेलं नाही.

मागच्या आठवड्यात काकूंना फोन केला होता. घोलपांची तब्येत तशीच आहे. मी सहज म्हटलं, आता मंगळवारी त्यांना आराम असेल ना?

"आराम कसला," काकू म्हणाल्या. "चार वाजले का जात्यात अजून. कुनाकडं, त्ये सांगत न्हाईत."