वारा आत जातो तेव्हा

शहरातल्या खोकल्याने हैराण होऊन आम्ही नवरा-बायकोने ठरवलं, दोन दिवस समुद्रावर जाऊन चांगली हवा खायची. पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगावला मिसळ खाल्ली, म्हसळ्याकडे जाताना खड्ड्यांनी कंबर खिळखिळी केली आणि हरिहरेश्वरच्या अलीकडे एका गावात मुक्काम टाकला. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. माझा राग एका गावावर नाही.

रिसॉर्ट ऐन किनाऱ्यावर, खोली दोन हजारांत, सुरमई ताजी. दारावर पाटी: ‘शुद्ध हवेत आपलं स्वागत’. म्हटलं, चला, पैसे वसूल.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुके बोंबील घ्यायला मी एकटीच कोळीवाड्याकडे निघाले. रिसॉर्टमागचा रस्ता ओलांडला आणि घसाच धरला. खड्ड्यात कचरा जळत होता. थर्माकोलच्या ताटल्या, पाण्याच्या बाटल्या, सगळं आमच्याच रिसॉर्टचं. धूर थेट पलीकडच्या वलांड्यांवर जात होता. वलांड्या म्हणजे बोंबील वाळत घालायचे बांबूचे मांडव. तिथे एक वयस्कर कोळीण, हिरामावशी, एकेक बोंबील उतरवून फडक्याने पुसत होत्या.

“मावशी, किनारा सोडून इथे का वाळवता?”

“सोडला न्हाय बाय, सोडवला. पावण्यांना वास येतो म्हनं. तक्रार झाली, पंचायतीनं आमाला इकडं धाडलं.”

“मग हे खपतात?”

“मानगावच्या बाजारात बाया हुंगतात नि परत ठेवतात. टायर जाळल्यावानी वास येतो म्हंतात. खोटं न्हाय ते. औंदा असंच ऱ्हायलं तर वलांडी मोडायची नि कुनाच्या तरी खोल्या झाडायच्या.”

मी दोन किलो घेतले आणि तणतणत मॅनेजरला गाठलं.

“मॅडम, मच्छीच्या वासाने प्रदूषण होतं. गेस्ट कंप्लेंट करतात.”

“आणि कचरा जाळता ते?”

“तो दुपारीच जाळतो ना! तेव्हा वारा समुद्रावरून आत जातो. गेस्टना काही कळत नाही.”

हे त्याने अभिमानाने सांगितलं! वाऱ्याची दिशा त्याला पक्की ठाऊक होती, आणि त्या दिशेला माणसं राहतात हेही. बोंबलाचा वास म्हणजे प्रदूषण आणि प्लॅस्टिकचा धूर म्हणजे व्यवस्था, हे ठरवलं कुणी? खोलीचं भाडं भरणाऱ्यांनी. म्हणजे आम्हीच. मी आवाज चढवला तेव्हा शेजारच्या खोलीतले काका म्हणाले, “अहो, सुट्टीवर आलोय, कशाला डोक्याला ताप?” धूर त्यांच्या खोलीत जात नव्हता, तर ताप कशाचा होणार!

तुम्ही तिकडे जाणार असाल तर जरूर जा. फक्त खोली ठरवताना विचारा, कचरा कुठे जातो. आणि दुपारी एकदा रिसॉर्टच्या मागे चक्कर मारा.

घरी आल्यावर बोंबील धुतले, पुन्हा धुतले, तव्यावर टाकले. टायरचा वास गेला नाही. तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: ‘कोणाकडे तरी सुकी मासळी भाजतायत. कृपया खिडक्या बंद ठेवा. इतरांना त्रास होतो.’

मी खिडकी सताड उघडली.