कमलच्या नावाला आलेली ओ

त्या रविवारी चर्चमध्ये मी प्रभुभोजनाला पुढे गेले नाही. पाळकांनी कारण विचारलं नाही. आमची मंडळी लहान आहे, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या पुढच्या बाकावर कमल बसली होती आणि तिच्यासोबत एकाच भाकरीला हात लावणं माझ्याच्यानं होत नव्हतं.

सावली तालुक्याच्या बाजूच्या आमच्या गावात कमलचं आणि माझं घर समोरासमोर आहे. मोहफुलांच्या दिवसांत वीस वर्षं आम्ही जोडीनं जंगलात जात होतो. आमच्याकडे मोह एकटीनं वेचत नाहीत. वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं, म्हणून एकीनं वेचायचं आणि दुसरीनं काठी घेऊन उभं राहायचं. झाडाआड गेलं तर नाव घेऊन हाक मारायची आणि जोडीदारणीनं ओ द्यायची. ओ न देणाऱ्या बाईसोबत पुन्हा कोणी जात नाही.

त्या सकाळी उभं राहायची पाळी कमलची होती. ऊन नुकतंच वर आलं होतं, माझी टोपली अर्धी भरली होती. एकदम वानरं ओरडायला लागली. मी मान वर केली, तर कमलची जागा रिकामी होती. तिची काठी जमिनीवर पडली होती. समोर बांबूच्या बेटात आधी खांदा दिसला, मग कान. अंतर मी नंतर अनेकदा मनात मोजलं आहे. आमच्या अंगणाइतकंच होतं.

पळायचं नाही, हे मला माहीत होतं. मी सरळ उभी राहून कमलला हाक मारली. ओ आली नाही. पुन्हा मारली, तरी नाही. मग प्रार्थना सुरू केली, प्रभूनं शिकवलेलीच, कारण दुसरी सुचेना. दुसऱ्यांना क्षमा करण्याच्या ओळीवर आले आणि जीभ थांबली. ती पडलेली काठी डोळ्यांसमोर होती. ओळ तशीच सोडून मी तिसऱ्यांदा ओरडले, "कमल होऽऽ!"

"ओऽऽ!"

आवाज कमलचा नव्हता. उजव्या हाताला कोणी म्हातारी होती. "हालू नोको, बाई. पाठ दाखवू नोको. मी येऊन राह्यली." कुऱ्हाडीच्या दांड्यानं झाडं ठोकत ती आली आणि बांबूकडे पाहून खेकसली, "काऊन रे, सकाळी सकाळी बायांच्या वाटंत बसला? जाय तिकडं!" बांबू हलले, मग शांत झाले. तिनं माझा दंड धरून उलट पावलांनी मला वाटेपर्यंत आणलं.

"तुमचं नाव कमल हाय का?" मी विचारलं.

"नाई."

"मंग ओ काऊन देल्ली?"

"कोनी देऊन नाई राह्यलं, तं मी देल्ली. नाव कोनाचं का असंना, जंगलातली हाक तशीच सोडत नाईत."

तिच्या गावच्या बायका ओढ्यापलीकडे वेचत होत्या. ती तिकडे निघून गेली.

मी गावात पोचले तेव्हा कमल हापशीवर बायकांना सांगत होती, "मी तीन हाका मारल्या. तिनंच ओ नाई देल्ली." मी तिच्याकडे पाहिलं. ती हापशीच्या दांड्याकडे पाहत राहिली. संध्याकाळपर्यंत दोघीजणी घरी येऊन सांगून गेल्या की यंदा माझ्यासोबत जमणार नाही. त्यानंतर आला तो रविवार.

पुढच्या आठवड्यात मी एकटीच जंगलात जाऊ लागले, पण सडकेच्या कडेच्या झाडांपलीकडे नाही. एका सकाळी आतून हाक आली, "शेवंता होऽऽ!" आवाज कमलचा होता. शेवंता तिची नवी जोडीदारीण. ओ आली नाही. दुसरी हाक चिरकली. खरं तेच लिहायचं तर, मी ऐकत होते आणि वेचत होते, आणि त्यात मला एक वाईट समाधान वाटत होतं. तिसरी हाक रडल्यासारखी आली. तेव्हा मला ना बायबलचं वचन आठवलं, ना म्हातारी. तोंडातून ओ निघून गेली होती.

काठीनं झाडं ठोकत मी आत गेले. कमल सागाला पाठ लावून उभी होती. तिच्यापासून चार पावलांवर मातीत ताजे ठसे होते.

"तू?"

"मीच. चाल."

शेवंता वाटेवर भेटली. ती ओढ्यावर पाणी प्यायला गेली होती. तिच्यासमोरच कमल म्हणाली, "त्या दिवशी मी हाक नाई मारली. पळाली मी."

"मले माहीत हाय," मी म्हटलं.

शेवंता म्हणाली, "मंग हापशीवर जाऊन सांग. जिथी ते सांगितलं, तिथीच."

कमलनं तिथेच जाऊन सांगितलं.

पुढच्या प्रभुभोजनाला मी उठले. क्षमेची ती ओळ म्हटली, अडखळत. अजूनही कधी कधी अडखळते. म्हातारीची मी ओढ्यापलीकडच्या गावांत चौकशी केली, पण तिचं नाव कळलं नाही. त्याचा अर्थ मी लावत बसत नाही. त्या सकाळी मी कमलला हाक मारत होते आणि ऐकणारा दुसराच होता, प्रभू. हाक मारणं माझ्याकडे होतं. कोणाच्या तोंडून ओ द्यायची, हे त्याच्याकडे. एकदा त्यानं त्यासाठी माझं तोंड घेतलं, मी वेचत बसलेली असताना. त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.