गौरीच्या दिवशीचा सिनेमा

शकुमावशी घाडी मला पहिल्यांदा दिसली तेव्हा ती आमचं लोखंडी कपाट एका हाताने अडवून जिन्यात उभी होती. कपाटाच्या वरच्या बाजूला चार हमाल, खालच्या बाजूला एकटी मावशी, आणि कपाट तसूभर हलत नव्हतं. माझी बायको श्वेता म्हणते की कपाट आधीच अडकलं होतं आणि मावशीने नुसता हात टेकला होता. श्वेताला इतिहासाची दृष्टी नाही.

मग मावशी बोलली. "मेल्यांनो, आधी त्याची दारं काढा." नॅशनल पार्क आमच्या सोसायटीपासून तसं जवळच आहे. त्या आवाजाने तिथल्या बिबट्यांनी आपली पिल्लं आत घेतली असणार, असं मला अजून वाटतं. हमालांनी दारं काढली. भिंतीनेही थोडं अंग चोरलं. अर्ध्या तासात कपाट घरात होतं, मावशीच्या घरचा चहा आमच्या ओट्यावर होता, आणि माझा पगार, श्वेताचं माहेर आणि आमच्या मनालीचे पडलेले दात ही सगळी माहिती गच्चीपर्यंत पोचलेली होती.

मावशीचे यजमान सीताराम घाडी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर मिळालं त्यात त्यांनी बोरीवलीला दोन खोल्या घेतल्या आणि काही वर्षांत शांतपणे गेले. शांतपणे यासाठी म्हटलं, की त्या घरात दुसऱ्या कोणाला आवाज करायची संधी नव्हती. पुढे मावशीने अख्ख्या बोरीवलीच्या साड्यांना फॉल लावून मुलाला, चैतन्यला, वाढवलं. तो अंधेरीच्या एका स्टुडिओत जाहिरातींचं एडिटिंग करायला लागला. बिस्किटाचा तुकडा चहात पडतो तो क्षण नेमका कुठे कापायचा, हे ठरवण्याचे त्याला पैसे मिळतात. मावशीला हे कधीच पटलं नाही. "बिस्कीट पडला म्हणजे वाया गेला, त्यात दाखवायचा काय," ती विचारायची. रागात आणि मायेत ती मालवणीवर येते.

आमच्या सोसायटीच्या गणपतीत 'घरचा कलाकार' नावाचा एक प्रकार आहे. गौरीपूजनाच्या संध्याकाळी, सोसायटीतल्या कुठल्याही घरातलं मूल, मग ते मूल चाळिशीचं का असेना, आपली कला सादर करू शकतं. नाही म्हणायचं नाही, हा नियम. या नियमामुळे आम्ही फार भोगलंय. एकाने बासरीत फुंकर मारली आणि ती बराच वेळ दुसरीकडून बाहेरच आली नाही. आमची मनाली नाचायला उभी राहिली आणि स्टेप विसरून उभीच राहिली. तेव्हा पहिल्या रांगेत बसलेल्या शकुमावशीने, उभं राहणं हाच नाच आहे असं समजून, कडाडून टाळ्या वाजवल्या. मनालीला वाटलं आपण जिंकलो. आज ती कॉलेजात कुठेही उभी राहून बेधडक बोलते. त्या टाळ्यांचं देणं मी कुठल्या जन्मी फेडणार, मला ठाऊक नाही.

तर चैतन्यने आईला सांगितलं ती हकीकत. मावशी फॉल लावत बसली होती. चैतन्य म्हणाला, "आई, मला सम्यक आवडतो." सम्यक म्हणजे त्याचा मित्र. सांताक्रूझच्या एका शाळेत गणित शिकवतो, घरचे मूळ अकोल्याकडचे, आणि मावशीकडे नेहमी जेवायला असायचा.

"मलाही आवडतो," मावशी म्हणाली. "पानात काही टाकत नाही."

"तसं नाही गं. तू आणि बाबा होतात, तसं."

मावशीची सुई थांबली. मग तिने दाताने दोरा तोडला आणि म्हणाली, "हे मला नीट समजायला हवं. काहीतरी बघायला दे."

चैतन्यने एका पेन ड्राइव्हवर सिनेमे दिले. देशोदेशीचे, पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषांचे, बाईवर प्रेम करणाऱ्या बायकांचे. आमच्याकडे टीव्ही मोठा, म्हणून दुपारचे खेळ आमच्या घरी व्हायला लागले. खालची इंग्रजी अक्षरं श्वेता मराठीत वाचून दाखवायची. मी पेपर वाचत असल्याचं सोंग करायचो. श्वेता वाचायची, "तो म्हणतोय, तुझ्याशिवाय या शहराला अर्थ नाही." मावशी म्हणायची, "शहराचं राहू दे, त्याला विचार सकाळपासून काही खाल्लंय का."

पहिल्या सिनेमातला मुलगा शेवटी नदीत गेला. दुसऱ्यातला परदेशात गेला. तिसऱ्यात दोघी बायका आयुष्यभर आपापल्या खिडकीत उभ्या राहिल्या. मावशी पदराने डोळे पुसायची आणि घरी जाऊन रात्रभर जागायची. एका सिनेमात मात्र दोन म्हाताऱ्या एकमेकींच्या केसांना तेल लावत बसल्या होत्या, बोलत काहीच नव्हत्या. तेवढा भाग तिने पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. "ह्या बघ, ह्या असा," ती म्हणाली. "ह्या घरात कोणीतरी आसा."

त्या दुपारींचा मी ऋणी आहे. तोवर मी सिनेमात नायक कसा येतो तेवढंच बघायचो. कोणाच्या घरात कोणाला बसायला जागा मिळते, हे बघायला मला त्या बाईने शिकवलं. तेही श्वेताच्या भाषांतरावर, ज्यात निम्मे संवाद तिचे स्वतःचे असायचे.

मग मावशीने चैतन्यला फोन लावला. स्पीकर चालू होता. नसता तरी ऐकू आलं असतं. "काय रे, तुमच्या सगळ्या सिनेमांत माणसं रडतात नाहीतर मरतात. जेवत कोणी नाही. तुम्ही दोघं असंच जगणार काय?"

"नाही गं आई. आमची भांडणं भांडी कोणी घासायची यावर होतात."

"मग ती भांडी दाखवा की कोणीतरी. मला जरा झोप लागेल."

याच सुमारास दोघांनी आमच्याच सोसायटीत, सी विंगमध्ये, भाड्याने जागा बघितली. कमिटीने नकार दिला. आमचे चेअरमन चंद्रप्रकाश दोशी तसे देवमाणूस. मुंगीला वळसा घालून चालतात. पण नियम म्हणजे नियम. "मावशी, बॅचलरला आपण देत नाय ना," ते म्हणाले.

"ते बॅचलर नाहीत."

"लगन झालाय काय?"

"कायदा होऊ देत नाही, त्यात माझ्या पोराची काय चूक?"

दोशींनी मान डोलावली, पण जागा दिली नाही. दोघं वाकोल्याला राहायला गेले. चैतन्य म्हणाला, जिथे मी लहानाचा मोठा झालो तिथे मला बॅचलर म्हणतात. त्या कंपाउंडमध्ये मी पाय ठेवणार नाही. आणि नाही ठेवला. मावशी डबे घेऊन वाकोल्याला जायची आणि येताना रिकामे डबे घेऊन यायची. तिचा आवाज त्या वर्षांत इतका उतरला की पार्कातले बिबटे बहुधा चिंतेत पडले.

एक चांगलं झालं. चैतन्यने भांड्यांचा सिनेमा खरंच काढला. वीसेक मिनिटांचा. दोन पुरुष एका छोट्या घरात आईची वाट बघतायत. ती पहिल्यांदाच जेवायला येणार आहे. ते स्वयंपाक करतात, भांडतात, जेवण चाखता चाखता जेवूनच घेतात, मग घाबरून पुन्हा स्वयंपाकाला लागतात. दारावरची बेल वाजते, सिनेमा संपतो. अशा सिनेमांच्या एका महोत्सवात तो दाखवला गेला, लोक उभे राहिले म्हणे. मावशीने ते ऐकलं आणि थेट कमिटीच्या ऑफिसात गेली.

"यंदा 'घरचा कलाकार'मध्ये चैतन्यचा सिनेमा."

कोणीतरी म्हणालं, "मावशी, पण विषय..."

"बासरीला विषय होता? मी सगळ्यांची पोरं बघितली. आता माझं बघा. सिनेमा लागला तर तो येईन म्हणालाय. नाही लागला तर नाही येणार. कधीच नाही."

हे शेवटचं ती इतक्या हळू म्हणाली की सगळे घाबरले.

कमिटीने आधी सिनेमा तपासायचा ठरवला. आम्ही पाच पुरुष लॅपटॉपभोवती बसलो. मी निवेदक म्हणून कमिटीत आहे. दोशींनी एक बोट बटणावर ठेवलं होतं. 'तसलं' काही आलं की थांबवायचं. आम्ही डोळ्यांत तेल घालून 'तसलं' शोधत होतो. एकाने दुसऱ्याच्या कपाळावरचा घाम पुसला तेव्हा बोट थरथरलं, पण दाबलं गेलं नाही. बेल वाजली, सिनेमा संपला. "आयला, यात तर कायच नाय," दोशी म्हणाले, थोडे निराशही वाटले. सिनेमा पास झाला.

गौरीपूजनाची संध्याकाळ आली. आमच्याकडे पडदा गणपतीच्या बरोबर समोर लावतात, बाप्पालाही दिसलं पाहिजे म्हणून. चैतन्य आणि सम्यक आले. मावशीने त्यांना पहिल्या रांगेत, दोशींच्या शेजारी बसवलं. चैतन्य खुर्चीच्या कडेवर असा बसला होता, जणू खुर्ची कोणीतरी परत मागणार आहे.

सिनेमा सुरू झाला. लोक शहाण्यासारखे बघत होते. आणि मग बारा फुटी पडद्यावर, गणपतीच्या थेट नजरेसमोर, एक बांगडा तेलात पडला.

तपासणीत हा बांगडा आम्ही पाच जणांनी बघितलाच नव्हता. आमचं लक्ष दुसरीकडे होतं. दोशींसारख्या जैन माणसाने, ज्यांच्या घरात कांदाही येत नाही, तीन बांगडे उघड्या डोळ्यांनी पास केले होते.

"अरे, मच्छी," दोशी म्हणाले. मागून सोसायटीतल्या सगळ्यांत जुन्या शेवंतीआजींचा आवाज आला, "बाप्पाच्या तोंडासमोर? गौरी बसल्यात ना?" कुजबुज वाढली. बंद करा, बंद करा सुरू झालं. कोणीतरी सिनेमा थांबवला. बांगडा तसाच तेलात, एका बाजूने कच्चा.

चैतन्य उठला. त्याने सम्यकचा हात धरला. "चल," एवढंच म्हणाला.

"बस खाली," मावशी म्हणाली. तो जुना जिन्यातला आवाज होता. चैतन्य बसला; आजूबाजूचे उभे असलेलेही बसले. मावशी चालत मखरापाशी गेली आणि मखराचा पडदा ओढून तिने बाप्पाला झाकलं. मग लोकांकडे वळली. "घरी गौरीला तिखटाचा, मासळी-मटणाचा, नैवेद्य दाखवता तेव्हा काय करता, शेवंतीआजी?"

"बाप्पाला दिसू नये म्हणून मध्ये पडदा धरतो," आजी म्हणाल्या.

"मग धरला. लावा पुढे."

शास्त्रच तसं होतं.

"पन आमचा काय?" दोशींनी विचारलं.

"तुम्ही डोळे मिटा. सम्यक, काकांना सांग कधी उघडायचे ते."

सिनेमा पुढे सरकला. दोशी डोळे घट्ट मिटून बसले. मी मागेच होतो.

"झाला काय?"

"नाही काका, तळतायत अजून."

"आता?"

"आता दुसरी बाजू."

"बोलतात काय ते?"

"भांडतायत. हा म्हणतो तू मीठ विसरलास."

"आमच्याकडे पन मीच विसरतो," दोशी डोळे मिटून म्हणाले. "आता उघडू?"

"जेवायला बसले काका. उघडू नका."

अर्धा सिनेमा दोशींनी असा सम्यकच्या तोंडून बघितला, आणि सम्यकने तो असा सांगितला की मागच्या दोन रांगा पडद्याकडे बघायचं सोडून त्याचंच ऐकत होत्या. पडद्यावर ताटं धुऊन झाल्यावर मावशीने बाप्पासमोरचा पडदा सरकवला. दोशींनीही डोळे उघडले. शेवटची बेल सगळ्यांनी मिळून ऐकली.

टाळ्या वाजल्या. मावशीने मात्र वाजवल्या नाहीत. तिचे दोन्ही हात मुलांच्या खांद्यांवर होते.

मग बायकांनी चैतन्यला घेरलं. मला वाटलं, आता प्रेमाविषयी चर्चा होणार. "रवा लावलास? बांगड्याला?" शेवंतीआजींनी विचारलं. "तांदळाचं पीठ लावतात रे. आईने काहीच शिकवलं नाही?" चैतन्य हसायला लागला. त्या कंपाउंडमध्ये त्याला पुन्हा बोलणी बसत होती, आणि इतकं सुख झालेला माणूस मी क्वचित बघितला असेल. मी बाप्पाला हात जोडले. दरवर्षी काहीतरी मागायला जोडतो. त्या दिवशी नुसतेच जोडले.

आठवड्याभराने दोशी मावशीकडे आले. ए विंगमधली एक जागा रिकामी आहे, दोघांना सांगा, नियमाचं मी बघतो, म्हणाले.

दोघं आले नाहीत. सम्यकला शाळा वाकोल्याहून जवळ पडते. गेल्या दिवाळीनंतर मावशीच घर भाड्याने देऊन तिकडे राहायला गेली. कारण विचारलं तर म्हणते, तिथे नळाला दिवसभर पाणी असतं.