बोरन्हाणात लुटलेला बंडू

बिबवेवाडीच्या प्रेमला ढमढेरे यांच्या घरी जाऊन कुणी पेन मागू नये. एक तर मिळत नाही, आणि मिळालंच तर बँकेत दोरीला बांधलेलं असतं ना, त्याच्याहून वाईट असतं. आता तुम्ही म्हणाल, परिस्थिती नसेल बिचारीची. परिस्थितीला काय धाड भरलीये. बाईंच्या लोखंडी कपाटात, पैठणीच्या खालच्या कप्प्यात, जपानी पेन्सिली, वह्या, चिकटपट्ट्या, पट्ट्या आणि खोडरबरं यांचा असा साठा आहे, की अप्पा बळवंत चौकातल्या दुकानदारानंही मुकाट्यानं चपला काढून बघावा. पण तो वापरायचा नाही. बघायचा, आणि तोही हात धुऊन.

त्या सगळ्या वस्तूंवर एकच अस्वल आहे. निळी टोपी, आणि गोळी दाबून धरल्यामुळे एका बाजूनं फुगलेला गाल. हे तिकडच्या कुठल्याशा जुन्या दुधाच्या गोळीच्या कागदावरचं अस्वल म्हणे. ती गोळी चघळत मोठी झालेली माणसं आता आजी-आजोबा झालीत, अस्वल दिसलं की हळवी होतात, म्हणून कंपनीनं त्याला पेन्सिलीवर आणि वह्यांवर बसवलं. जपानीत त्याचं नाव लांबलचक आहे. प्रेमलाबाईंनी पहिल्याच दिवशी ते मोडीत काढलं आणि त्याला बंडू म्हणायला सुरुवात केली.

हा बंडू पाठवायची मैत्री. मैत्री म्हणजे बाईंच्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा पोर तिसरीत होती. प्रेमलाबाईंना मूलबाळ नव्हतं, त्यांनी तिला घरी आणलं, वाढवलं, आणि वाढवताना पै-पैचा विचार केला. खोडरबरसुद्धा अख्खं द्यायच्या नाहीत. ब्लेडनं अर्धं करायच्या, अर्धं पोरीला, अर्धं फळीवर. मैत्री कॉलेजात असताना जपानी शिकली. पुण्यात काय, दगड मारला तर जपानी शिकणाऱ्या पोराला लागतो. पण ही खरोखरच ओसाकाला गेली आणि तिथेच रमली. पहिल्या पगारात तिनं बंडूच्याच आकाराच्या खोडरबरांचा डबा पाठवला आणि फोनवर म्हणाली, "मावशी, आता अख्खं वापर."

"एवढं कशाला?" बाई म्हणाल्या. फोन ठेवला आणि तो डबा मांडीवर घेऊन दुपारभर बसून राहिल्या.

बाईंचा त्या पोरीवर भयंकर जीव होता. पण तोंडानं सांगतील तर त्या प्रेमलाबाई कसल्या. दर दिवाळीला मैत्री विचारायची, येऊ का, की ह्या म्हणायच्या, "कशाला रजा वाया घालवतेस, आम्ही ठणठणीत आहोत." मग मैत्री यायची नाही आणि पार्सल यायचं. पार्सल आलं की बाईंना वाटायचं, आली पोर घरी. म्हणून ते फोडायचं नाही, वापरायचं नाही, संपवायचं तर मुळीच नाही. त्या कपाटात बंडू नव्हता, मैत्री होती.

यंदा संक्रांतीनंतर खालच्या मजल्यावरच्या शर्मिलाच्या बाळाचं बोरन्हाण निघालं. सोसायटीतली सगळी बोरन्हाणं प्रेमलाबाईंच्या देखरेखीखाली होतात. काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटाभोवती रांगोळी, सगळं रीतसर. चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभरे आणि गोळ्या एकत्र करून बाळाच्या डोक्यावरून ओतायच्या आणि जमलेल्या पोरांनी त्या लुटायच्या. आणि बाईंचा एक कडक नियम होता: लुटलेलं परत मागायचं नाही. गेल्या वर्षी एका आजीची अंगठी त्या ढिगात पडली, तर तीसुद्धा बाईंनी पोराच्या खिशातून काढू दिली नव्हती. शेवटी पोरानं कंटाळून स्वतःच दिली.

त्या दिवशी सकाळी बाईंनी घरी आलेल्या शर्मिलाच्या सासूवर छाप पाडायला म्हणून खोडरबरांचा डबा कपाटातून काढला, दाखवला, आणि घाईघाईत टेबलावरच ठेवला. पुढचं काम त्यांच्या यजमानांनी केलं. अनिरुद्धराव सालस माणूस, सांगितलेलं काम मन लावून करतात. त्यांना सांगितलं होतं, टेबलावरच्या गोळ्या परातीत घाला. गोळ्यांची पिशवी त्यांनी घातली. शेजारी डबा दिसला; कपाटातले डबे उघडून त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. डब्यावर गोळी खाणारं अस्वल, आत मेणकागदात दोन्ही टोकांना पीळ दिलेल्या गोळ्या. मैत्रीनं बाळासाठी परदेशी चॉकलेटं पाठवली, असं समजून त्यांनी डबा उपडा केला. आपण होऊन केलं याचं त्यांना कौतुकही वाटलं.

परात बाळाच्या डोक्यावर रिकामी झाली आणि पोरं तुटून पडली. प्रेमलाबाई टाळ्या वाजवत होत्या. इतक्यात एका पोरानं करकचून चावा घेतला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "आजी, तुमचं चॉकलेट शिळं आहे."

बाईंनी त्याच्या हातात बघितलं. बंडूला कान नव्हता.

टाळ्या थांबल्या. त्यांनी परातीकडे बघितलं, मग यजमानांकडे. "अहो," एवढंच म्हणाल्या. अनिरुद्धरावांना तेवढं पुरलं.

"अस्वल गोळी खातंय असं चित्र होतं," ते म्हणाले. "मी काय समजायचं?"

पोरं लूट घेऊन पांगली. नियम बाईंचाच, तेव्हा तोंड उघडायची सोय नव्हती. त्या रात्री बाई जेवल्या नाहीत, पण सकाळी उठल्या त्या युक्ती घेऊन. महागातली चॉकलेटं आणवली, अनिरुद्धरावांच्या हातात पिशवी दिली आणि दारोदार निघाल्या. कुणी विचारलं तर सांगायच्या, "परत मागत नाहीये. अदलाबदल करतेय."

उशीर झाला होता. पहिल्या घरी बंडूनं गणिताचा अख्खा गृहपाठ खोडला होता आणि त्याचं पोट गेलं होतं. दुसऱ्या घरी त्याचा क्रिकेटचा चेंडू झाला होता आणि तो गॅलरीतून खाली गेला होता. तिसऱ्या घरातली आई दारातच म्हणाली, "काकू, कुठून आणलंत हो हे? कागदावर खूणसुद्धा राहत नाही." बाईंनी तिच्याकडे असं बघितलं की ती दोन पावलं मागे सरली. अनिरुद्धरावांनी हळूच तिच्या पोराला चॉकलेट दिलं.

शेवटी राहिली चौथ्या मजल्यावरची पूर्वा, यत्ता दुसरी. तिनं आतून एक मोजा आणला. मोज्यात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत बंडू, मेणकागदासकट धडधाकट.

प्रेमलाबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या खुर्चीवर टेकल्या. "तू नाही वापरलंस?"

"नाही. संपेल ना."

"मग करतेस काय त्याचं?"

"वास घेते." पूर्वानं कागदाचा पीळ सोडला आणि बंडू बाईंच्या नाकाशी धरला.

इतकी वर्षं डबे जपले, पण बाईंनी त्यातला एकही कागद कधी सोडला नव्हता. त्याला वास आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ताज्या दुधात साखर विरघळावी तसा वास आला. पोरगी तिकडून इतक्या हौसेनं काय काय पाठवते, आणि आपण वाससुद्धा घेतला नाही.

"हा तुम्हाला कुणी दिला?" पूर्वानं विचारलं.

"मैत्रीनं."

"ती तुमची मुलगी आहे?"

बाई एरवी बहिणीची मुलगी असं सांगायच्या. आज म्हणाल्या, "हो. मुलगी."

"मग तिला बोलवा ना घरी," पूर्वा म्हणाली. चॉकलेटाच्या पिशवीकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. "ती आली की तुम्हाला हा कशाला लागेल? मग हा मला राहू दे."

सौदा चोख होता. बाईंनी बंडू कागदात गुंडाळला, पीळ दिला आणि तिच्या मोज्यात घातला.

घरी आल्याबरोबर त्यांनी ओसाकाला फोन लावला. मैत्रीनं घाबरून विचारलं, कुणाला बरं नाही का.

"सगळे बरे आहेत. तुझी खोडरबरं गेली. पोरांनी लुटली."

"हात्तिच्या. मी आजच दुसरा डबा पाठवते, मावशी."

"पाठवू नकोस," प्रेमलाबाई म्हणाल्या. "घेऊन ये."

मग मैत्री बारीक आवाजात म्हणाली, "तू आजवर कधी ये म्हणाली नव्हतीस."

"मग आता म्हणतेय," बाई म्हणाल्या, आणि डोळे पुसायला पदर सापडेना म्हणून अनिरुद्धरावांच्या शर्टाची बाही ओढली. "तिकीट काढ."