‘शाळेत परत’चा रकाना

आमच्या शिक्षण कार्यालयातला सांख्यिकी विभाग म्हणजे दोन टेबलं, तीन कपाटं आणि एक खिडकी. खिडकी उघडली की कागद उडायचे आणि लावली की जीव घाबरा व्हायचा. एका टेबलावर मी, नुकतीच लागलेली. दुसऱ्यावर बेरीजकाका. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण तोंडात कुणाच्याच नव्हतं.

ज्यांना बघणारं कुणी नाही अशी मुलं आणि ज्यांना पोलिसांनी पकडून आणलंय अशी मुलं, या दोघांना ठेवण्यासाठी सरकारी गृहं असतात. तिथल्या मुलांच्या शिक्षणाची माहिती दरवर्षी गोळा करायची, हे काकांचं काम. मूल आलं तेव्हा त्याला काय वाचता येत होतं, जाताना काय येत होतं, आणि गेलं ते कुठं गेलं. अकरा रकान्यांचा तक्ता असायचा. काका गृहागृहांतून तो मागवायचे, तपासायचे, बेरीज करून वर पाठवायचे.

तपासणं म्हणजे त्यांचं तपासणं. एका गृहानं एकदा मुलं चौतीस आणि खाटा एकोणीस असं लिहून पाठवलं. काकांनी फोन लावला. “उरलेली पंधरा काय उभ्यानं झोपतात का हो?”

पलीकडून शांतपणे उत्तर आलं, “नाही साहेब, आडवीच. एका खाटेवर दोन-दोन.”

मला हसू आलं. काकांनाही आलं होतं, पण ते अर्ध्यावरच थांबलं. फोन ठेवून ते बराच वेळ लाल पेन्सिलीला टोक करत बसले. टोक आधीच होतं.

त्यांना मूलबाळ नव्हतं. काकू होत्या. काकू स्वतः अशाच एका गृहात वाढल्या होत्या, हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही काकूंनीच सांगितलं. लग्न झालं तेव्हा त्यांना जेमतेम अक्षरओळख होती. काकांनी त्यांना औषधांच्या बाटल्यांवरची नावं आणि वर्तमानपत्राचे मथळे वाचायला लावून शिकवलं. “दोन वर्षं लागली,” काकू म्हणाल्या, “पण एकदाही आवाज चढवला नाही. मीच चढवायचे.”

एका रविवारी दुपारी काका तक्ते घरी घेऊन गेले होते. काम साठलं होतं. काकू शेजारी बसून मुलींच्या गृहाच्या तक्त्यावरचं शेवटच्या रकान्याचं शीर्षक बोट ठेवून वाचत होत्या. “शाळेत परत. हो किंवा नाही. म्हणजे आम्ही तिथून बाहेर पडलो तेव्हा आमच्या नावापुढंही हे लिहीत होते?”

“लिहीत असतील.”

“माझ्यापुढं काय लिहिलं असेल हो?”

 पुढचे तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत काका मला घेऊन तळघरातल्या अभिलेख खोलीत शिरले. मी विजेरी धरायचे, ते गठ्ठे सोडायचे. धुळीनं आमचे दोघांचे घसे बसले. कशासाठी शोधतोय ते त्यांनी मला सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी एका पिवळ्या तक्त्यावर त्यांचं बोट थांबलं. फॉर्म जुना होता, पण रकाना तोच. वय सोळा, इयत्ता तिसरी, शाळेत परत: हो.

त्या संध्याकाळी त्यांनी काकूंना सांगितलं. काकू धान्य निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “फाटकाबाहेर मामा उभा होता. त्यानं सरळ कारखान्याच्या कँटीनमध्ये नेऊन सोडलं. त्याच दुपारी भांडी घासायला लागले मी.” मग थोड्या वेळानं, “‘हो’ लिहिणाऱ्यानं मला नंतर एकदा विचारायचं तरी.”

काकांच्या मनाला ते लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलींच्या गृहाचा तक्ता पुन्हा समोर ओढला. वर्षभरात गृहातून एक्केचाळीस मुली गेल्या होत्या. एक्केचाळीस वेळा ‘हो’. काका साहेबांकडे गेले आणि पडताळणीची परवानगी मागितली.

“काका,” साहेब म्हणाले, “आपलं काम गोळा करायचं. उकरायचं नाही.”

काकांची रजा साठलेली होती. ती त्यांनी टाकली आणि हातात पिशवी घेऊन निघाले. तक्त्यावर ज्या शाळांची नावं होती, त्या एकेक शाळेत जाऊन त्यांनी हजेरीपट पाहिले. कुठं कारकून म्हणाला, ही मुलगी आलीच नाही. कुठं मुख्याध्यापकांनी सांगितलं, दाखला मागायला कुणी फिरकलं नाही. एका शाळेनं चार दिवस हजेरी दाखवली आणि पुढं नुसत्या रेघा. महिन्याभरानंतर त्यांना शाळेत बसलेल्या सहा मुली मिळाल्या.

उरलेल्यांपैकी काहींना त्यांनी घरच्या पत्त्यांवर जाऊन गाठलं. एक पुठ्ठ्याची खोकी चिकटवायच्या कारखान्यात सापडली. चौदा वर्षांची. गृहात तिला सगळे ‘मगू’ म्हणायचे, कारण कुणी काही सांगितलं की ती लगेच “मग?” म्हणून विचारायची. खळीनं तिची बोटं पांढरी झाली होती.

“शाळेत का गेली नाहीस?” काकांनी विचारलं.

“आई आजारी पडली.”

“मग?” काकांच्या तोंडून गेलं.

पोरगी खुदकन हसली. हसली आणि लगेच गंभीर झाली. “काका, टीचरला सांगू नका हां. तिला वाटतं मी आठवीत आहे.”

टीचर म्हणजे गृहातल्या एकुलत्या एक शिक्षिका. काका तिथून थेट त्यांच्याकडे गेले. वर्ग म्हणजे एक लांबट खोली, अर्ध्या भागात चादरी वाळत घातलेल्या. तीसेक मुली. एक ‘अ’ गिरवत होती, तिच्या शेजारची बीजगणित करत होती, आणि टीचर दोघींच्या मध्ये गुडघ्यावर बसून एकीचं अक्षर आणि दुसरीची बरोबरची खूण एकाच वेळी सुधारत होत्या. काकांनी तक्ता पुढं केला.

“हे ‘हो’ तुम्ही लिहिलेत?”

“मीच. फाटकापर्यंत मी सोडायला जाते ना. प्रत्येकीला विचारते, शाळेत जाशील ना? ती हो म्हणते. मी हो लिहिते.”

“आणि ती गेली का, हे?”

टीचरांनी खोलीकडे हात केला. “इथून उठून बघायला कधी जाऊ, तुम्हीच सांगा.” मग हळूच विचारलं, “किती निघाल्या?”

“सहा.”

 टीचर चादरीमागं जाऊन आल्या, तोंड धुतलेलं होतं, आणि ‘अ’ गिरवणाऱ्या मुलीचा हात पुन्हा हातात घेतला. मगूबद्दल काकांनी सांगितलं नाही. तिनं तेवढंच मागितलं होतं.

अहवाल लिहिताना काका आठ दिवस अस्वस्थ होते. मी म्हटलं, “काका, असू दे ना ‘हो’. कोण बघतंय?”

“तेच तर,” ते म्हणाले. “तीस वर्षांपूर्वीही हेच म्हणालं असेल कुणीतरी.”

त्यांनी रकान्यात सहा लिहिले. सोबत स्वतःच्या अक्षरात एक पान जोडलं: शिक्षिका एक, मुली चौतीस, गृहातून गेल्यावर त्यांची चौकशी करायला माणूस नाही, तो द्यावा. साहेबांनी सही केली, पण पानाकडे बघून म्हणाले, “याला फॉर्ममध्ये जागा नाही.” जागा नव्हती म्हणून पान आमच्याच फायलीत राहिलं आणि आकडा तेवढा वर गेला.

चार महिन्यांनी आदेश आला. मुलींच्या गृहातल्या वर्गाचा परिणाम असमाधानकारक आढळल्यानं तिथलं शिक्षिकेचं पद रद्द. मुलींना जवळच्या शाळेत पाठवावं. जवळच्या शाळेनं दुसऱ्याच दिवशी कळवलं की आमच्याकडे जागा नाही.

आदेश मी वाचला तेव्हा काका डबा उघडत होते. त्यांनी तो वाचला, डब्याला झाकण लावलं आणि चप्पल घालून बाहेर पडले. मीही मागोमाग गेले. त्यांना एकटं सोडवेना.

टीचर पाट्या खोक्यात भरत होत्या. मुली भिंतीला टेकून उभ्या होत्या. काका म्हणाले, “माझ्यामुळं झालं.”

“खरं तेच लिहिलंत. मी रागावले नाहीये.” त्या खोकं बांधत होत्या, दोरीची गाठ बसत नव्हती. “पण काका, मला फक्त एवढं सांगा, उद्या सकाळी नऊ वाजता या पोरींनी काय करायचं?”

काकांनी पुढं होऊन गाठीवर बोट धरलं, टीचरांनी ती आवळली.   परतल्यावर कार्यालयाच्या पायऱ्यांवर काका खाली बसले आणि रडले. एवढा मोठा माणूस रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.  मी नुसती शेजारी बसून राहिले.

घरी काकू त्यांना म्हणाल्या, “खरं लिहिलंत ते बरोबरच. पण ते वाचणारं माणूस तिथं कुणी नव्हतं, त्याला तुम्ही काय करणार?” हे समाधान होतं की नाही, कोण जाणे. काकांनी मात्र पत्रं लिहायला सुरुवात केली. फायलीत राहिलेल्या त्या पानाची नक्कल प्रत्येक पत्राला जोडलेली असायची. दोन वर्षांत एकोणीस पत्रं. साहेबांनी आधी समजावलं, मग दटावलं, मग बघून न बघितल्यासारखं केलं. शेवटी पद परत मिळालं, तेही अर्ध्या दिवसाचं. तोवर टीचर दुसऱ्या गावी भावाकडे गेल्या होत्या. तिथं त्यांना दुकानात नोकरी लागली होती. काका त्यांना आणायला गेले, तर त्या म्हणाल्या, “आता परत नको, काका. पुन्हा जीव लावायचा आणि पुन्हा खोकी बांधायची, एवढं बळ नाही माझ्यात.” नव्या शिक्षिका आल्या, वर्षभर टिकल्या, गेल्या.

काकांच्या खटपटीतून मगूसकट तिघी पुन्हा शाळेत बसल्या. दोघी टिकल्या. मगूची शाळा सहामाहीला सुटली. आई गेली, लहान भाऊ अंगावर पडला.

निवृत्तीच्या दिवशी काकांनी मला टेबलाची किल्ली दिली. भाषण केलं नाही. त्यानंतरही ते हिंडायचे थांबले नाहीत. एक्केचाळीसपैकी ज्यांचा पत्ता लागला नव्हता त्यांना ते शोधत राहिले, आता कुणाच्या परवानगीचा प्रश्न नव्हता. कुणी सापडली की मला फोन यायचा. “शिवणकाम करते. बरी आहे.” किंवा नुसतं, “सापडली,” आणि फोन बंद. त्या दिवशी मग मीही काही विचारायचे नाही.

गेल्या वर्षी मी त्यांच्या घरी गेले तर ते खुर्चीत बसून होते, पिशवी खुंटीला. तब्येत विचारली. ठीक होती. काकूंनी आत बोलावून सांगितलं. मागच्या महिन्यात एका मुलीचं घर सापडलं होतं. चांगलं घर, अंगणात झोपाळा, कडेवर मूल. काकांनी गृहाचं नाव घेतलं आणि ती पांढरीफटक पडली. आतून सासूनं विचारलं, कोण आहे गं? ती म्हणाली, वाट चुकलेत. मग फाटकापर्यंत येऊन हात जोडून पुटपुटली, “काका, पुन्हा येऊ नका. इथं कुणाला माहीत नाही.”

“तेव्हापासून बाहेर पडले नाहीत,” काकू म्हणाल्या. “मी म्हटलं, तिचं सुखाचं चाललंय, याचा आनंद माना. तर म्हणाले, मानतोय. पण मी दारात उभा राहिलो तेव्हा ती किती घाबरली, ते तू पाहिलं नाहीस.”

मी बाहेर येऊन काकांजवळ बसले. त्यांनी कार्यालयाची चौकशी केली, खिडकीची केली, साहेबांच्या दुखऱ्या गुडघ्याची केली. तक्त्यांबद्दल एक शब्द काढला नाही. निघताना काकू मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आल्या, आणि वाटेत दुकानांच्या पाट्या हळू आवाजात वाचत चालल्या.