तिला ऊन लागतं

लग्न होऊन विरारजवळच्या आगाशीला आले तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. ऑगस्ट महिना माणसाला आजारी पाडू शकतो, हे तोवर मला माहीत नव्हतं. माझं माहेर माण तालुक्यातलं. आमच्याकडे पावसाळा म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा आणि डोक्यावरून पळणारे ढग. ते ढग आमच्या गावात थांबत नाहीत. मधूनच सावली पडते, मधूनच लख्ख ऊन येतं, आणि जमीन कोरडीच राहते. लहानपणी शाळेच्या मैदानात आम्ही ढगाच्या सावलीबरोबर पळायचो.

आगाशीचं घर वाडीत आहे. पुढे अंगण, बाकी तिन्ही बाजूंनी केळी आणि नारळ. फेब्रुवारीत पहिल्यांदा घर बघायला आले तेव्हा मी हरखून गेले होते. एवढी हिरवी सावली मी कधी पाहिली नव्हती. पण तीच सावली पावसाळ्यात घरात शिरली. सकाळी आठला आणि दुपारी चारला घरात एकच उजेड. स्वयंपाकघरातली ट्यूब दिवसभर लावलेली. कपाटातल्या पर्सवर पांढरी बुरशी, मिठाच्या बरणीत पाणी, आणि माजघरात दोरीवर तीन-तीन दिवस लटकणारे, कुबट वास येणारे कपडे. हे सगळं सोसता येतं. सगळे सोसतातच. मला सोसत नव्हता तो उजेड. तिसऱ्या आठवड्यापर्यंत माझे हात-पाय जड व्हायचे. डोक्यात एखादा विचार आला की तो शेवटपर्यंत जायचाच नाही. भाजी निवडायला घेतली की कुठली काडी ठेवायची आणि कुठली टाकायची हेसुद्धा ठरवता यायचं नाही.

मी तुळिंजला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लोकांच्या रक्तात काय कमी आहे ते सांगणं हाच माझा धंदा. तिसऱ्या पावसाळ्यात मी स्वतःचंच रक्त काढून सगळ्या टेस्ट लावल्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी ट्वेल्व्ह, सगळं जागच्या जागी. डी थोडं कमी होतं, त्याच्या पुड्या घेतल्या. फरक पडला नाही. लॅबचे डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, “काही नाही तुम्हाला. जरा बाहेर फिरत जा.” बाहेर गुडघाभर पाणी होतं.

माझ्या सासूबाईंचं मात्र उलट. त्यांचं माहेर शेजारच्याच वाडीतलं. साठ वर्षांत एकही श्रावण त्यांनी आगाशीच्या बाहेर काढला नव्हता. सगळं आभाळ काळं झालं की त्यांच्या अंगात हुरूप यायचा. डोक्यावर प्लास्टिक घेऊन त्या वाडीत फिरायच्या, केळीच्या बुंध्याशी माती लावायच्या, बांधावरचा टाकळा खुडून आणायच्या. मी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे. एकदा त्या दारात उभ्या राहिल्या.

“काय होतंय तुला?”

“काही नाही, आई. जड वाटतंय.”

“आम्हाला जड वाटायला फुरसत नव्हती,” त्या म्हणाल्या आणि गेल्या. त्यात दुष्टपणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. पण ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. पुढे दोन वर्षं त्यांच्यासमोर मी पावसाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

मुलगी चार वर्षांची असताना, आषाढाच्या शेवटी, आण्णा, म्हणजे माझे वडील, अंगणात पाय घसरून पडले. खुबा मोडला. साताऱ्याला ऑपरेशन झालं. माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. भाऊ पुण्याला नोकरीत, त्याची बायको बाळंतपणाला गेलेली. महिनाभर आण्णांजवळ राहणं मलाच भाग होतं. नवरा वसईच्या कारखान्यात शिफ्टवर असायचा, त्यामुळे मुलीला इथे ठेवणं अवघड. मी विचार करत बसले होते तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, “मी येते. तू बापाकडं बघ, मी पोरीकडं बघते.”

“तुम्हाला करमेल का तिकडं?”

“महिन्याचं तर काम. न करमायला काय झालं?”

गावात पोचलो तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. उन्हाने डोळे दिपले. सासूबाईंनी पदर कपाळावर ओढला आणि पहिलं काम केलं ते म्हणजे प्रवासातले कपडे धुतले. अंगणातल्या तारेवर घातले, आत येऊन चहा प्यायल्या, आणि पुन्हा बाहेर जाऊन बघतात तर सगळे कोरडे ठणठणीत.

“सुकले पन?” त्या म्हणाल्या.

आमच्याकडे कपडे वाळतात, त्यांच्याकडे सुकतात. आण्णा पलंगावरून हसले. “विहीणबाई, इथं कपडं घालायच्या आधीच वाळत्यात.”

त्या दिवसापासून चार दिवस त्यांनी घरातलं जे जे उचलता येईल ते उन्हात घातलं. आमच्या गोधड्या, उशा, आण्णांची जुनी पुस्तकं, आगाशीहून आणलेली बॅग उलटी करून. प्रत्येक वस्तूला नाक लावून त्या वास घ्यायच्या आणि समाधानाने मान हलवायच्या. मीही त्या चार दिवसांत निराळीच झाले होते. पहाटे आपोआप जाग यायची. आण्णांना वॉकरवर उभं करायचं, त्यांचा व्यायाम, जेवण, औषधं, सगळं करूनही मी दमत नव्हते. एका सकाळी भाकरी थापताना मी गुणगुणत होते. सासूबाई चुलीपलीकडून माझ्याकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या आठवड्यात त्यांचे ओठ फुटले. मग टाचा. एका दुपारी नाकातून रक्त आलं आणि त्या घाबरल्या. हवा कोरडी असली की होतं, असं सांगून मी त्यांच्या नाकात तूप घातलं. वारा चोवीस तास वाहायचा. समोरच्या पठारावरच्या पवनचक्क्या फिरत राहायच्या. खिडकी लावली तरी भांड्यावर धुळीचा थर. पाण्याचा टँकर तीन दिवसांनी यायचा, आणि एवढ्याशा पाण्यात भांडी घासावी लागायची याचा त्यांना फार त्रास व्हायचा. एवढ्या पाण्यात त्या आगाशीला पाय धुवायच्या.

दुपारी चारच्या सुमारास त्या ओट्यावर बसायच्या आणि पश्चिमेकडून येणारे ढग बघायच्या. एकदा चांगला मोठा, काळा ढग आला. त्या उठून उभ्या राहिल्या, तारेवरचे कपडे काढायला धावल्या. ढग डोक्यावर आला, अंगणात अंधारून आलं, आणि मग तो तसाच पुढे निघून गेला. हातात कपड्यांचा ढीग घेऊन त्या कितीतरी वेळ तशाच उभ्या होत्या.

“भाऊ,” त्यांनी आण्णांना विचारलं, “पडनार कधी इथं?”

“परतीचा पडला तर दसऱ्याच्या आसपास. न्हाय पडला तर न्हाय.”

त्यानंतर त्यांचं बोलणं कमी झालं. मुलीला अंघोळ घालायच्या, जेवू घालायच्या, पण तिला सांगायच्या गोष्टी अर्ध्यावर सुटायला लागल्या. “मग काय झालं, आजी?” असं मुलगी विचारायची आणि त्यांना आठवायचं नाही. एका सकाळी नऊ वाजले तरी त्या अंथरुणातच होत्या. ज्या बाईला मी पाच वर्षांत सूर्य वर आल्यावर झोपलेलं पाहिलं नव्हतं ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी कपाळाला हात लावला. ताप नव्हता.

“काय होतंय, आई?”

“काय नाही. उठावंसं वाटत नाही. सगळं नुसतं उघडं, उजाड. नजर कुठं टेकतच नाही.” मग त्या म्हणाल्या, “अंगात काय तरी जड होऊन बसलंय.”

मी त्यांच्या शेजारी बसले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्यांचं जुनं वाक्य आठवलं आणि ते परत त्यांनाच ऐकवावं असं ओठांपर्यंत आलं. पण त्यांच्या फुटलेल्या ओठांकडे बघून मी त्यांचे पाय दाबत बसले. बऱ्याच वेळाने त्या कूस बदलून माझ्याकडे वळल्या.

“तुला तिकडं असंच होतं काय? पावसात?”

“हो.”

“दर वर्षी?”

“दर वर्षी.”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपल्या. पण त्या म्हणाल्या, “मला वाटायचं, तुला आमचं घर आवडत नाही.”

पाच वर्षं आम्ही एका चुलीवरचं जेवलो होतो, आणि त्या हे मनात घेऊन जगत होत्या. मी म्हटलं, “घर आवडतं हो. फेब्रुवारीत तर फारच आवडतं.” त्या हसल्या आणि हसताना ओठ पुन्हा फुटला.

त्यांना परत पाठवावं म्हणून मी नवऱ्याला फोन केला, पण त्या तयार झाल्या नाहीत. बापाचा वॉकर सुटेपर्यंत राहते म्हणाल्या आणि राहिल्या. मी रोज दुपारी खिडकीला ओला टॉवेल लावायचे, त्यांच्या टाचांना तेल लावायचे. महिना संपला, आण्णा काठीवर चालायला लागले, आणि आम्ही निघालो. विरारला बसमधून उतरलो तेव्हा मुसळधार पाऊस होता. सासूबाईंनी छत्री उघडली नाही. मी उघडली.

त्यांनी माझी माफी वगैरे मागितली नाही. आमच्यात तशी पद्धत नाही. पण आठ दिवसांनी सुतार आला आणि माडीवरच्या खोलीची मोजमापं घेऊ लागला. ती खोली सासूबाईंची. घरातली तेवढी एकच खोली केळींच्या वर आहे, आणि पावसातही तिथे जो काही उजेड असेल तो येतो. त्यांनी तिथली खिडकी मोठी करून घेतली, स्वतःचा पलंग खाली माझ्या अंधाऱ्या खोलीत आणवला आणि आमचं सामान वर चढवलं. नवरा म्हणाला, “आई, तुझे गुडघे ठीक आहेत ना? हे काय मधेच?” त्या म्हणाल्या, “गुडघ्यांचं काय नाही. तिला ऊन लागतं.”

नंतर हे वाक्य त्यांनी आख्ख्या आळीत सांगितलं. शेजारच्या काकू माझी विचारपूस करायला आल्या, कारण त्यांना वाटलं, मला उन्हाचा झटका बसला. एवढ्या पावसात ऊन कसं लागलं हे काही त्यांच्या ध्यानात येईना. त्यांनी बरोबर कोकमाचं सरबतही आणलं होतं. सासूबाईंनी त्यांना समजावून सांगितलं, “तसं लागत नाही. हिला लागतं म्हनजे पाहिजे असतं. केळीला पानी लागतं तसं.”

पुढची चार वर्षं श्रावणात सासूबाईच मला माहेरी पाठवायच्या. दहा दिवस, फार तर बारा. आधीच्या आठवड्यात माझ्या तोंडाकडे बघून म्हणायच्या, “जा आता.” मुलीची शाळा त्या बघायच्या. मग आण्णा गेले. घराला कुलूप लागलं. त्या वर्षी नवऱ्याला चाकणला नोकरी मिळत होती, आणि त्याने मला अगदी मोकळेपणाने विचारलं, जायचं का घाटावर कायमचं. आम्ही चाकणला दोन दिवस राहून घरं बघितली. हवा छान होती, कोरडी. सातव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन. त्या फ्लॅटच्या रिकाम्या हॉलमध्ये उभी राहून मी मनाशी हिशेब मांडला. एकीकडे माझे सहा वाईट आठवडे. दुसरीकडे आगाशीचे बाकीचे सगळे महिने, डिसेंबरातली वाडी, मुलीच्या मैत्रिणी, माझं लॅबचं काम, आणि एक बाई, जी इथे आली तर पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपेल. तिला मागे ठेवून येणं मला जमणार नव्हतं. मी नको म्हटलं. नवऱ्याने कारण विचारलं तेव्हा स्वयंपाकघर लहान आहे असं सांगितलं.

अजूनही ऑगस्ट मला जडच जातो. तो बरा होईल अशी आशा मी सोडून दिली आहे. पण आता घरात त्याला आजारपणाचा मान आहे. त्या दिवसांत मुलगी माझ्याकडून गृहपाठ तपासून घेत नाही, नवरा डबा स्वतः भरतो. गेल्या श्रावणात भावाने आम्हा दोघींनाही पुण्याला बोलावलं. आम्ही गेलो, आणि आठही दिवस तिथे पाऊस लागून राहिला. मी गॅलरीत शाल घेऊन बसले होते, आणि सासूबाई शेजारच्या खुर्चीवर बसून वहिनीने आणलेला टाकळा निवडत होत्या. मधूनच माझ्याकडे बघायच्या. शेवटी म्हणाल्या, “उद्या निघू या. आगाशीला फोन लावला होता मी. तिकडं दोन दिवस उघडलंय म्हनतात.”