मामेसासरे आणि ओली भिंत

भिंतीशी बोलणारी माणसं पुष्कळ असतील. पण भिंतीचं ऐकून घेणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि ते नेमके आमच्या हिचे मामा निघाले. देशावरच्या एका नगरपालिकेत, बांधकाम खात्यात त्यांनी उभी हयात काढली. कुणाच्याही घरी गेले की आधी चपला काढायच्या, मग बोटाच्या पेरानं भिंत वाजवायची आणि कान लावायचा, चहापाणी नंतर. हॉलंडमधल्या, लायडनजवळच्या आमच्या नव्याकोऱ्या घरात पाऊल टाकताच त्यांनी बैठकीची भिंत वाजवली आणि "जावईबापू, पुठ्ठ्यात राहता की हो!" म्हणून माझ्या कौतुकाची पार वाट लावली.

आले होते तीन आठवड्यांसाठी, आणि करोनानं विमानं बंद झाली. आम्ही नवराबायको दिवसभर लॅपटॉपपुढे, आणि मागून मामांची टकटक. शेवटी माझा मॅनेजर म्हणाला, "अरे, दार तरी उघड, कधीचं कोणीतरी ठोठावतंय!" मग आम्ही त्यांना फिरायला धाडू लागलो. बाहेर दीड मीटर अंतराचा नियम होता. मामा माणसांपासून चांगले तीन मीटर राहत आणि भिंतींना जाऊन चिकटत.

असं फिरतानाच त्यांना कालव्याकाठचं वेर्कहाउस सापडलं. जुन्या काळी गावातल्या गोरगरिबांना आत ठेवायचं, लोकर कातून घ्यायची आणि त्यावर दोन वेळचं जेवण द्यायचं, त्यासाठी बांधलेली ही लांबलचक विटांची इमारत. आता ती धोकादायक ठरली होती आणि पाडून तिथे फ्लॅट होणार होते. शेजारच्या डच आजीबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "माझी पणजी तिथे कातायची. तिचा फोटो नाही, थडगं नाही. त्या विटा तेवढ्या आहेत." हिनं ते मामांना मराठीत सांगितलं. दुसऱ्या दिवशी मामा छत्रीच्या दांड्यानं ती भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवून आले आणि जेवताना भडकले.

"ती भिंत म्हातारी नाही झालेली! ओली ठेवलीय तिला. वरची पन्हळ तुंबलीय, सगळं पाणी भिंतीत मुरतंय. पन्हळ साफ करायची नाही, दोन हिवाळे थांबायचं, की इमारत आपोआप धोकादायक! मला काय शिकवता?"

"पण मामा, तुम्हाला इतकं कसं ठाऊक?" मी विचारलं.

मामांनी घास ताटात परत ठेवला. "अशा कितीतरी इमारती पाडायच्या कागदांवर सह्या केल्यात मी. पन्हळ दिसायची हो. पण मी वर बघायचंच नाही, असं ठरवलं होतं."

पुढे परतीच्या विमानात जागा मिळाली, ती मामांनी सोडली. कारण पाडकामाआधी खेमेंते, म्हणजे इथली नगरपालिका, सभेत पाच मिनिटं बोलू देते, असं आजीबाईंनी सांगितलं होतं. "पाहुण्यालासुद्धा?" मामांचा विश्वासच बसेना. आजीबाईंनी आपली पाच मिनिटं त्यांना देऊन टाकली. सभा ऑनलाइन होती. पण सभागृहापुढे बसून बोलायचं नसतं, म्हणून मामा कडक इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपपुढे उभे राहिले. समस्त नगरसेवकांना पाच मिनिटं फक्त शर्टाची मधली तीन बटणं दिसली. बटणं मराठीत बोलत होती आणि ही डचमध्ये सांगत होती. ओल, चुना, पन्हळ सगळं झाल्यावर बटणं म्हणाली, "सही करण्याआधी एकदा वर बघा. मी बघितलं नव्हतं."

निर्णय पुढे ढकलला गेला. पन्हळ साफ करून वर्षभर बघायचं ठरलं. मामा पानगळीच्या सुमारास घरी परतले, आणि आमच्याकडे इतकी सामसूम झाली की मॅनेजरनं "सगळं ठीक आहे ना?" म्हणून विचारलं. खरं सांगतो, मला करमेना.

पुढच्या उन्हाळ्यात कळलं, वेर्कहाउस राहणार. मी त्या भिंतीपाशी जाऊनच मामांना फोन लावला. "बातमी राहू द्या. फोन भिंतीला लावा," ते म्हणाले. मी भररस्त्यात मोबाइल विटांना चिकटवला आणि पेरानं टकटक केलं. आजीबाई शेजारी मास्क लावून उभ्या होत्या.

"सुकली," मामा म्हणाले. मग म्हणाले, "आमच्याकडची, मी सही केलेली, एकही राहिली नाही हो. अजून एकदा वाजवा, जावईबापू."